एका स्वराची सत्तावीस मिनिटे

कलेच्या इतिहासात काही कृती अशा असतात, की जन्मकाळी त्यांच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. परंतु पंचवीस-तीस वर्षे लोटल्यावर त्यांच्यावाचून त्या इतिहासाची संगतीच लागत नाही. १९७३ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेली 'आऊटसाइड द ड्रीम सिंडिकेट' ही ध्वनिमुद्रिका अशांपैकी एक होय. अमेरिकन व्हायोलिनवादक टोनी कॉनराड आणि 'फाउस्ट' हा जर्मन वाद्यवृंद यांनी ती मिळून सिद्ध केली. तिच्या पहिल्या बाजूस सुमारे २७ मिनिटे एकच आधारस्वर, ढोलाचा एकच ठेका आणि त्यावर लांबलचक गजाने ओढलेले व्हायोलिनचे मोजके स्वर ऐकू येतात. धून नाही, शब्द नाहीत, चढउतार नाही. त्या काळच्या ग्राहकाने ही तबकडी दुकानात परत नेऊन ठेवली असती, तरी त्याला दोष देता आला नसता.

ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथात अशा विषयाचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर दुहेरी आहे. एक तर तानपुऱ्याच्या नादात वाढलेल्या आपल्या कानांना या ध्वनिमुद्रिकेचे मर्म युरोपीय श्रोत्यापेक्षा कदाचित लवकर उमगेल. दुसरे असे, की तिच्यामागे जतनाची, मालकीची आणि सार्वजनिक उपलब्धतेची एक कहाणी आहे. आणि हे तिन्ही विषय कोणत्याही वाचनालयाच्या जिव्हाळ्याचे आहेत.

प्रथम जर्मनीची पार्श्वभूमी पाहू. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस किंवा त्यानंतर जन्मलेली पश्चिम जर्मनीतील पिढी १९६८ च्या सुमारास विशीत होती. या तरुणांपुढे एक विलक्षण पेच होता. वडिलांच्या पिढीचा सांस्कृतिक वारसा नाझी राजवटीच्या सावलीने डागाळलेला. रेडिओवर गोडगुळगुळीत भावगीतांची चलती. आणि तरुणांचे म्हणून जे संगीत होते, ते इंग्लंड-अमेरिकेहून आयात केलेले. आपला म्हणावा असा आवाजच नव्हता, तो घडवावा लागणार होता. सप्टेंबर १९६८ मध्ये एसेन येथे भरलेल्या महोत्सवात या शोधाची चाहूल लागली. बर्लिनमध्ये 'टँजरीन ड्रीम', कोलोनमध्ये 'कॅन', ड्युसेलडॉर्फमध्ये 'क्राफ्टवेर्क' आणि पुढे 'नॉय' असे वृंद थोड्या वर्षांच्या अंतराने उभे राहिले. 'कॅन'मधील इर्मिन श्मिट व होल्गर चुकाय हे दोघे तर कार्लहाइन्झ श्टॉकहाउझन या थोर रचनाकाराचे विद्यार्थी. विजेवर चालणारी ध्वनियंत्रे, फीत कापून जोडण्याचे तंत्र आणि अखंड चालणारा एकसुरी ठेका ही या मंडळींची प्रमुख साधने होती. इंग्रजी वृत्तपत्रांनी त्यांना 'क्राउटरॉक' असे काहीसे कुत्सित नाव दिले. आंबवलेल्या कोबीच्या जर्मन खाद्यपदार्थावरून जर्मन माणसाला लावलेले ते टोपणनाव होते. पुढे तेच नाव मानाने मिरविले गेले.

'फाउस्ट'ची कुळकथा या सर्वांहून निराळी आहे. उवे नेटेलबेक हे चित्रपट-समीक्षक व पत्रकार म्हणून नावाजलेले गृहस्थ. 'पॉलिडॉर' या ध्वनिमुद्रिका कंपनीला बीटल्सच्या तोडीचा एखादा जर्मन वृंद हवा होता आणि तो शोधून देण्याचे काम नेटेलबेक यांनी पत्करले. हॅम्बुर्गमधील दोन लहान वृंदांतील वादक एकत्र करून १९७१ मध्ये त्यांनी 'फाउस्ट' उभा केला. या शब्दाचा जर्मन अर्थ 'मूठ'. शिवाय गटेच्या महाकाव्यसदृश नाटकाचा नायकही तोच. कंपनीच्या पैशातून हॅम्बुर्ग आणि ब्रेमेन यांच्या दरम्यान असलेल्या व्यूमे या खेड्यात एक जुनी शाळा घेण्यात आली आणि तिचे रूपांतर ध्वनिमुद्रणालयात झाले. कुर्ट ग्राउपनर हे कुशल ध्वनितंत्रज्ञ तेथे कायमचे नेमले गेले. वादक तेथेच राहत, तेथेच जेवत आणि मनाला येईल तेव्हा वाजवीत. ग्राउपनर यांनी प्रत्येक वादकासाठी खास ध्वनिनियंत्रक पेट्या बनविल्या. त्यांच्या साहाय्याने वादकाला स्वतःचाच नव्हे, तर दुसऱ्याचा आवाजही वाजता वाजता बदलता येई.

कंपनीला बीटल्स मिळाले नाहीत. १९७१ ची पहिली तबकडी पारदर्शक होती, तिचे वेष्टनही पारदर्शक आणि त्यावर वळलेल्या मुठीचे क्ष-किरण छायाचित्र. आतील संगीतात गाण्यांचे तुकडे, गोंगाट आणि फितीची कापाकाप. १९७२ मध्ये 'सो फार' ही दुसरी तबकडी निघाली. पण विक्री बेताचीच राहिली आणि पॉलिडॉरचा धीर सुटत चालला. नेमक्या याच सुमारास, ऑक्टोबर १९७२ मध्ये, टोनी कॉनराड व्यूमे येथे येऊन दाखल झाले.

कॉनराड यांचा जन्म १९४० चा. हार्वर्ड विद्यापीठातून १९६२ मध्ये ते गणित घेऊन पदवीधर झाले. व्हायोलिनचे शिक्षण घेत असताना सतराव्या शतकातील रचनाकार हाइन्रिख बिबर यांच्या सोनाटांनी त्यांना वेड लावले होते. या सोनाटांत व्हायोलिनच्या तारा रूढ पद्धतीहून वेगळ्या स्वरांत मिळवाव्या लागतात. स्वर हे ठरीव नसून मिळविण्याची वस्तू आहे, हा संस्कार त्यांना तेथून मिळाला. न्यूयॉर्कला आल्यावर ते ला मॉन्ट यंग या रचनाकाराच्या मंडळात सामील झाले. यंग, त्यांच्या पत्नी मॅरियन झझीला, वेल्समधून आलेले व्हियोलावादक जॉन केल, तालवादक अँगस मॅकलीस आणि कॉनराड अशी ही मंडळी एक किंवा दोन-तीन स्वर तासन् तास धरून ठेवीत. यंग यांनी या उपक्रमाला पुढे 'थिएटर ऑफ इटर्नल म्युझिक' म्हणजे शाश्वत संगीताची रंगभूमी असे नाव दिले. केल आणि कॉनराड त्याला 'ड्रीम सिंडिकेट' म्हणत. या दोन नावांतच पुढील तंट्याचे बीज आहे. रंगभूमीला सूत्रधार असतो. सिंडिकेट म्हणजे समान भागीदारांचा संघ.

१९६५ च्या अखेरीस हे मंडळ विस्कटले. केल यांनी 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' या पुढे जगप्रसिद्ध झालेल्या वृंदाची वाट धरली. त्या वृंदाचे नावही कॉनराड यांच्याजवळच्या एका स्वस्त पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून उचललेले होते. मॅकलीस भटकत भटकत नेपाळला पोहोचले आणि १९७९ मध्ये काठमांडूत निवर्तले. कॉनराड चित्रपटाकडे वळले. त्यांच्या १९६६ च्या 'द फ्लिकर' या चित्रपटात केवळ काळ्या आणि पांढऱ्या चौकटींची उघडझाप आहे. स्वरांच्या कंपनसंख्यांत जसा मेळ असतो, तसा प्रकाशाच्या स्पंदनांतही साधता येईल काय, हा त्यामागील प्रश्न. या चित्रपटामुळे युरोपातील प्रायोगिक चित्रपट-वर्तुळात त्यांचे नाव परिचित झाले होते. जर्मनीत असताना याच वर्तुळातून त्यांचा नेटेलबेक यांच्याशी संबंध जुळला आणि त्यांना व्यूमेचे आमंत्रण मिळाले.

जुन्या शाळेत घडलेला प्रकार मोठा मनोवेधक आहे. 'फाउस्ट'चे वादक स्वभावाने तुकड्यांचे शिल्पकार: एक कल्पना धरावी, मोडावी, दुसरी जोडावी. कॉनराड यांनी त्यांना नेमके उलट काम सांगितले. बासवादक झाँ-एर्व्हे पेराँ यांनी एकच खर्जाचा स्वर वाजवावा आणि तो व्हायोलिनच्या आधारस्वराशी मिळवलेला असावा. ढोलवादक वेर्नर डीरमायर यांनी एकच आघात सारख्या अंतराने देत राहावा. आणि त्या आघातांचा वेगही बासच्या कंपनांशी मेळ राखणारा असावा. ही दुसरी सूचना वरवर चमत्कारिक वाटते, परंतु तिच्यात गणितज्ञाची दृष्टी आहे. स्वर म्हणजे तरी काय? सेकंदाला शेकडो वेळा होणारे स्पंदन. तेच स्पंदन संथ करीत गेल्यास एका मर्यादेखाली कानाला स्वर ऐकू येत नाही, सुटे सुटे ठोके ऐकू येतात. म्हणजे लय आणि स्वर या दोन वस्तू नसून एकाच वस्तूची दोन रूपे आहेत. आपल्याकडे 'श्रुतिर्माता लयः पिता' असे म्हणतात. कॉनराड यांच्या मते माता आणि पिता हे मुळात एकच होते.

हे सांगणे सोपे, करणे महाकठीण. २७ मिनिटे एकच स्वर वाजविणाऱ्या वादकाचा हात थकतो, मन भरकटते, काहीतरी अलंकार घालण्याची ऊर्मी अनावर होते. पेराँ आणि डीरमायर यांनी ती आवरली. म्हणूनच पहिल्या बाजूला एक प्रकारची तपश्चर्येची कळा आहे. 'फ्रॉम द साइड ऑफ मॅन अँड वुमनकाइंड' हे तिचे नाव. 'फ्रॉम द साइड ऑफ द मशीन' या सुमारे २६ मिनिटांच्या दुसऱ्या बाजूवर वृंदाला थोडी मोकळीक मिळालेली दिसते: बासला हलकी चाल आहे, ढोलाचे आघात विखुरलेले आहेत आणि ध्वनियंत्रांचे अस्फुट आवाज मागे घुमत राहतात. गमतीची गोष्ट अशी, की माणसांच्या नावाची बाजू यंत्रासारखी अचूक आहे आणि यंत्राच्या नावाची बाजू माणसासारखी अस्थिर.

आता स्वरांकडे वळू. संवादिनीवर किंवा पियानोवर सप्तकाचे १२ समान भाग केलेले असतात. ही सोयीची तडजोड आहे, निसर्गाची देणगी नव्हे. षड्जाशी ३:२ या प्रमाणात पंचम लागतो, ५:४ या प्रमाणात शुद्ध गंधार. समान भागांच्या पट्टीवरचा पंचम जवळजवळ बरोबर येतो. पण गंधार मात्र नैसर्गिक गंधारापेक्षा अर्धस्वराच्या सातव्या हिश्शाइतका चढा लागतो. आपल्या गवयांचा संवादिनीवरचा जुना राग याच कारणाने होता आणि १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली, त्यामागील युक्तिवादांत हाही एक होता. कॉनराड आणि त्यांचे सहकारी या नैसर्गिक प्रमाणांनाच चिकटून राहिले. शिवाय त्यांनी ७:४ हे प्रमाणही आपलेसे केले. आपल्या नेहमीच्या कोमल निषादापेक्षा किंचित उतरलेला हा स्वर पाश्चात्त्य संगीताच्या लेखी जवळजवळ अस्तित्वातच नव्हता. असे प्रमाणशुद्ध स्वर दीर्घकाळ एकत्र ठेवले, की कानात आणखी एक चमत्कार घडतो. ३०० आणि २०० कंपनांचे दोन स्वर जोरकसपणे वाजत असतील, तर कोणी न वाजविलेला १०० कंपनांचा तिसरा स्वरही ऐकू येऊ लागतो. उत्तम जवारी लागलेल्या तानपुऱ्यातून गंधार उमटताना ज्यांनी ऐकला आहे, त्यांना न छेडलेला स्वर ऐकू येण्याचा हा अनुभव अगदीच परका वाटणार नाही, जरी तेथील कारण निराळे आहे: तो गंधार तारेच्या अंगच्या उपस्वरांतून प्रकटतो.

येथे आपल्या प्रदेशाशी असलेला दुवा सांगितला पाहिजे. मात्र तो वाजवीपेक्षा ताणता कामा नये. ला मॉन्ट यंग यांना उस्ताद अली अकबर खाँ यांच्या १९५५ मधील अमेरिकेत निघालेल्या ध्वनिमुद्रिकेने भारावून टाकले होते. येहुदी मेन्युइन यांचे प्रास्ताविक असलेली हीच ती तबकडी. पुढे १९७० मध्ये पंडित प्राणनाथ अमेरिकेत गेले आणि यंग, झझीला व टेरी रायली त्यांचे शिष्य झाले. प्राणनाथ हे किराणा घराण्याच्या उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य. आणि अब्दुल वहीद खाँ यांची तालीम झाली ती कोल्हापुरात. त्यांचेच आप्त असलेल्या खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी बडोदे, पुणे, मिरज या गावांतून याच घराण्याची स्वरप्रधान गायकी रुजविली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये २२ श्रुतींवर इंग्रजी ग्रंथ लिहिला. त्यांच्या श्रुतिसंशोधनाला अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याची साक्ष होती. म्हणजे न्यूयॉर्कच्या माळ्यावर जो प्रमाणांचा विचार चालला, तोच अर्धशतकापूर्वी सांगली-मिरजेच्या परिसरात चालला होता. तथापि किराण्याचा वारसा कॉनराड यांच्यापर्यंत गुरुपरंपरेने पोहोचला, असे मात्र म्हणता येणार नाही. ते यंग यांच्यासह वाजवीत होते, तेव्हा प्राणनाथ अमेरिकेत आलेलेच नव्हते. कॉनराड आपल्या गणिताच्या आणि बिबरच्या वाटेने त्याच मुक्कामाजवळ आले, इतकेच. शिवाय एक मूलभूत भेदही आहे. आपल्याकडे तानपुरा ही भूमी असते आणि तिच्यावर राग उभा राहतो. कॉनराड यांनी भूमीलाच मंदिर मानले.

ध्वनिमुद्रण झाले, पण तबकडीचे दैव उघडले नाही. पॉलिडॉरशी संबंध तुटल्यावर 'फाउस्ट' इंग्लंडमधील 'व्हर्जिन' या नव्या कंपनीकडे गेला. व्हर्जिनने १९७३ मध्ये व्यूमे येथील सुट्या फितींमधून 'द फाउस्ट टेप्स' ही तबकडी काढली आणि केवळ ४९ पेन्स किमतीला विकली. एका छोट्या गाण्याच्या तबकडीची ती किंमत होती. हजारो तरुणांनी ती घेतली. त्याच वर्षी 'कॅरोलाइन' या स्वस्त मालिकेत 'आऊटसाइड द ड्रीम सिंडिकेट' निघाली. तिला मात्र कोणी विचारले नाही आणि थोड्याच काळात ती बाजारातून दिसेनाशी झाली. १९७५ मध्ये 'फाउस्ट'ही विखुरला. कॉनराड १९७६ पासून बफेलो येथील विद्यापीठात माध्यमांचे अध्यापन करू लागले.

या उपेक्षित तबकडीचे महत्त्व वाढले ते दुसऱ्याच कारणाने. १९६० च्या दशकातील मंडळाच्या ध्वनिफिती यंग यांच्या ताब्यात होत्या. ते संगीत सर्वांनी मिळून घडविले, सबब फितींवर सर्वांचा हक्क आहे, अशी कॉनराड व केल यांची भूमिका. रचनाकार मी, इतर मंडळी वादक, अशी यंग यांची. या वादात फिती कपाटातच राहिल्या. १९९० मध्ये बफेलो येथे यंग यांचा कार्यक्रम होता, तेव्हा कॉनराड यांनी सभागृहाबाहेर फलक घेऊन निदर्शने केली. यंग यांच्या बाजूने सांगण्यासारखे नव्हते असे नाही. स्वरांची चौकट, त्यामागील सिद्धान्त आणि फितींची काटेकोर जपणूक हे श्रम त्यांचे होते. आणि ज्याने जपले नसते, त्याच्याकडे मागण्यासारखे काही उरलेही नसते. परंतु जपणे म्हणजे कुलूप लावणे काय, हा प्रश्न उरतोच. जे संगीत पाच जणांच्या एकत्र श्वासातून जन्मले, त्याचा कर्ता कोण? आणि जे कोणालाच ऐकता येत नाही, ते जतन झाले असे म्हणावे काय?

या पार्श्वभूमीवर दीर्घकाळपर्यंत त्या संगीतपद्धतीच्या मोजक्या उघड्या, कोणालाही ऐकता येतील अशा पुराव्यांपैकी एक म्हणजे व्यूमेची तबकडी होती. 'ड्रीम सिंडिकेटच्या बाहेर' हे तिचे नाव असे दुहेरी अर्थाने खरे ठरले. १९९३ मध्ये अमेरिकेतील 'टेबल ऑफ द एलिमेंट्स' या छोट्या प्रकाशनसंस्थेने ती पुन्हा उपलब्ध केली. मूलद्रव्यांच्या सारणीप्रमाणे आपल्या प्रकाशनांना क्रमांक देणारी ही हौशी संस्था. नवी पिढी चकित झाली. या संगीताचे ऋण मानणारे वादक पुढे आले. १९९५ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये कॉनराड आणि 'फाउस्ट' यांनी ते पुन्हा सादर केले. १९९७ मध्ये कॉनराड यांनी 'अर्ली मिनिमॅलिझम' या संचात, कुलूपबंद राहिलेल्या आपल्या तरुणपणीच्या संगीताची स्मरणातून पुनर्निर्मिती केली. हस्तलिखित हरवलेल्या पोथीची मुखपाठावरून नवी प्रत करावी, तसा हा उद्योग होता. २००० मध्ये एप्रिल १९६५ मधील एक फीत 'डे ऑफ नायगारा' या नावाने त्याच संस्थेने यंग यांच्या संमतीविना प्रसिद्ध केली आणि वाद पुन्हा पेटला. २००२ मध्ये व्यूमेच्या ध्वनिमुद्रणाची तिसाव्या वर्षानिमित्त दोन तबकड्यांची विस्तारित आवृत्ती निघाली. कॉनराड २०१६ मध्ये वारले. नेटेलबेक २००७ मध्येच गेले होते. रुडोल्फ सोस्ना त्याहीपूर्वी, १९९६ मध्ये.

या साऱ्या हकिकतीत ग्रंथालयाच्या सभासदांनी घेण्यासारखे काय आहे? पहिली गोष्ट, मागणी हा मोलाचा एकमेव मापदंड नव्हे. १९७३ मध्ये ज्या काही लोकांनी ती तबकडी घेतली, आणि न आवडूनही टाकून दिली नाही, त्यांच्यामुळे ती लोकांच्या स्मरणात राहिली. ग्रंथालयाच्या कपाटात वर्षानुवर्षे कोणी न नेलेली पुस्तके असतात. जागेची टंचाई आली, की पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर पडते. त्यांपैकी कोणते पुस्तक वीस वर्षांनी एकमेव साक्षीदार ठरेल, हे त्या दिवशी सांगता येत नाही. दुसरी गोष्ट, जतन आणि देवघेव ही एकाच कामाची दोन अंगे आहेत. एका माणसाचे कपाट कितीही सुरक्षित असले, तरी त्याच्या मर्जीइतकेच ते उघडते. ग्रंथालयाचे कपाट नियमाने उघडते. हा फरक शंभर वर्षे टिकविणे हे काही लहान काम नव्हे. दुसऱ्या गावाहून आलेल्या पाहुण्याने एकच स्वर धरला, यजमानांनी आपली हौस बाजूला ठेवून तो २७ मिनिटे सांभाळला, आणि तो उघड्या बाजारात ठेवला गेला म्हणून आज आपणही तो ऐकू शकतो. पाहुणा गणिती होता, यजमान दंगेखोर होते आणि जागा एका बंद पडलेल्या शाळेची होती. स्वर मात्र दोघांचा होता, आणि ज्याला तो ऐकावासा वाटेल त्याचाही.